एडवणची हळद

नवरीचे वडील नरहरी आणि काका पद्माकर वाडीच्या बांधावरून भांडले होते. हळदीलाही दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसले.

"ताई, दोघं एकत्र नाचतील असं काहीतरी लाव ना," नवरी चारुताने बोईसरहून आलेल्या डीजे मेघालीला विनवलं. मेघालीने बरीच गाणी लावून पाहिली. कोणीच हललं नाही.

मग अचानक आवाज बंद पडला. दोघंही भाऊ वायरमन, त्यामुळे दोघंही डीजेच्या मशीनकडे धावले.

"यात फ्यूजच नाय," नरहरी म्हणाले आणि टेबलाखाली शोधायला वाकले.

पद्माकरांनी मोबाईलची बॅटरी लावली. "दादा, तुझा गुडघा दुखतो. तू बस, मी बघतो."

फ्यूज मेघालीच्या मुठीत होता. तिने तो आणखी बराच वेळ सापडू दिला नाही.