पहिला शिक्का

शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि कागदावर टेकवण्याआधी कपिलनं आईकडं पाहिलं. विमलताई पेढ्यांचा पुडा छातीशी धरून दारातच उभ्या होत्या.

"बस ना आई."

"आधी शिक्का मार. मले पाहू दे."

पाहण्यासारखंच होतं ते. दहा वर्षं वकिली झाल्याशिवाय नोटरीच्या अर्जाला हात लावता येत नाही. कपिलनं ती दहा वर्षं उमरखेडला तहसीलसमोरच्या टिनाच्या शेडखाली काढली होती. मग अर्जावर दंडाधिकाऱ्याची सही, बँकेच्या मॅनेजरची, एका व्यापाऱ्याची आणि गावातल्या दोन प्रतिष्ठितांची. प्रतिष्ठित तसे पायलीचे पन्नास, पण सही मागायला गेलं की एकही घरी सापडत नाही. त्यानंतर हरकती मागवल्या, मुलाखत झाली. नोटरीचं पहिलं काम कोणतं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा कपिल ताडकन म्हणाला होता, "समोरचा माणूस तोच आहे, याची खात्री करणं." साहेब खूश झाले होते.

आता समोर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. तिला अर्जनवीस गोपालनं आणलं होतं. सकाळीच येऊन तो हटून बसला होता, "वकीलसाहेब, बोहनी माह्याच हातानं होऊ द्या."

"नाव काय तुमचं?" कपिलनं विचारलं.

"सत्यभामा."

"कागद वाचून दाखवला ना? मंजूर आहे?"

"हो जी."

"मी वळखतो बाईले," गोपाल म्हणाला. "घरच्यावानी हायेत. तुम्ही शिक्का मारा, रजिस्टर मी भरून देतो."

कपिलनं कागद वाचायला हातात घेतला होता, पण मुहूर्त सव्वाअकरापर्यंतचा होता आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नियम काय, उद्यापासून आहेतच. त्यानं शेवटचं पान उघडलं, बाईचा अंगठा घेतला आणि खाली गोल लाल शिक्का उमटवला.

विमलताईंनी पेढे वाटले. सगळ्यांना एकेक दिला. बाईपाशी आल्या तशा थबकल्या.

"नाव मोठं सुंदर हाय व बाई तुह्यं," त्या म्हणाल्या आणि तिच्या हातावर दोन पेढे ठेवले.

बाईनं मान वर केली नाही. पेढे पदरात बांधून ती गोपालच्या मागे निघून गेली.

घरी आल्यावर विमलताईंनी जुनाच विषय काढला. "आता तरी माहं काम करशीन का?"

त्यांचं काम एवढंच होतं. माहेर ढाणकीचं. बाप गेला तेव्हा वावर भाऊ आणि बहीण दोघांच्या नावावर चढलं होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊही गेला आणि आता वावर भाच्याकडं, रवीकडं होतं. रवी आताशा आत्याचा फोन उचलत नव्हता.

"मले पीक नको, पैसा नको," त्या नेहमी म्हणायच्या. "बापाच्या वावरावर माहं नाव हाय, तेवढं राहू दे. तो सातबारा एकदा पाहून तर ये."

"शिक्का येऊ दे, मग जातो," असं कपिल वर्षभर म्हणत आला होता. शिक्का आला आणि कामही वाढलं. जगाचे सातबारे काढले, आईचा तेवढा राहिला. त्याची लाज त्यालाही वाटायची, पण लाजेला तारीख मिळत नव्हती.

अखेर दोन महिन्यांनी तो ढाणकीला गेला. तिथल्या तलाठी कार्यालयात रुपाली नावाच्या कारकून बाईंनी नोंद काढून दिली.

"आता एकट्या रवीचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत्याचं संमतीपत्र आलं होतं. वाटणी पोचली, नाव कमी करायला हरकत नाही, असं. नोटरी केलेलं आहे."

"सही आहे त्यावर?"

"नाही, अंगठा."

"माही आई चौथी शिकलेली आहे! सही करते ती!" कपिल एवढ्यानं ओरडला की बाहेरची माणसं डोकावली. "कोन्या तरी बाईले उभं केलं यांनी. आन् तो नोटरी! ना मजकूर वाचला, ना आधार पाहिलं, डोळे मिटून शिक्का हाणला. सोडत नाही मी त्याले. त्याचं प्रमाणपत्रच रद्द करतो. विमल नावाचा मूळ कागद काढा."

रुपालीताई फाईल आणायला आत गेल्या. कपिलनं आईला फोन लावला. आवाज आवरत तिला सगळं सांगितलं.

पलीकडून विमलताई हळूच म्हणाल्या, "पुसलं का रे माहं नाव?"

"मी परत लावतो आई. तुही शपथ. पहिले त्या नोटरीले पाहतो."

रुपालीताई फाईल उघडूनच बाहेर आल्या. "वकीलसाहेब, यात विमल असं कुठंच नाही. रवीच्या वडलांच्या वेळच्या नोंदीतही नाही. त्याच्या आत्याचं नाव वेगळंच आहे."

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. कपिलनं वाचलं. पान उलटायला त्याचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला.

"आई," तो फोनमध्ये म्हणाला, "तुह्यं माहेरचं नाव काय होतं?"

"आज काहून इचारून राह्यला? सत्यभामा. लग्नात तुह्या बाबानं तांदळात विमल लिहिलं, तवापासून कोनी हाकच नाही मारली त्या नावानं. म्हणून तर त्या दिवशी तुह्या त्या बाईले म्या दोन पेढे देल्ले."