घडवणाऱ्याचा घाव

सुरेंद्रने पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली, घण खांद्यावर घेतला आणि तलावाच्या पाळीवरच थांबला.

समोर पाण्याच्या मधोमध गणपती बसला होता. भाद्रपदात मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी त्याला लाकडी डोंग्यातून नेऊन सोडलं, तेव्हा तिथे दोन पुरुष पाणी होतं. आता माघ सरत आला होता, तलाव उतरला होता आणि देव पोटापर्यंत उघडा पडला होता. रंग बराच उडाला होता. सोंडेचं टोक मात्र जरासुद्धा झिजलं नव्हतं. तलाव आपल्याच नावावर असल्यासारखा तो निवांत बसला होता.

काल मोठं जाळं ओढताना ते याच्याच बुडातून बाहेर आलेल्या सळयांत अडकून फाटलं. सकाळपासून बायका पाळीवर बसून ते शिवत होत्या. पाणी आणखी खाली गेलं की तापतं, मासे पटापट उलटे होतात आणि मोहल्ल्याची वर्षाची कमाई घारी-कावळ्यांना जाते. मासे न्यायला मूल गावचा व्यापारी मेटाडोरमध्ये बर्फ घालून आला होता. बर्फाला कोणाची वाट पाहायची सवय नसते.

देव हलवल्याशिवाय जाळं ओढता येणार नव्हतं. उचलावा, तर गाळात रुतलेला. फोडावा, तर घडवणाऱ्यानेच. दुसऱ्याने देवावर घाव घातला की दोष लागतो, याबद्दल मोहल्ल्यात दुमत नव्हतं. म्हणून मोहल्ल्यातला उमाजी मूलला गेला आणि सुरेंद्रच्या मूर्तीच्या कारखान्यापुढे बसून राहिला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ही हकिगत सांगू लागला, तेव्हा कुठे सुरेंद्रने टेम्पो काढला.

"उमाजीभाऊ, मी प्लास्टर विकलं," सुरेंद्र म्हणाला. "देव तं तुम्ही केला त्याले. मंत्र म्हटले, आरत्या केल्या. आता मले काऊन बलावता?"

"मंग तुझं प्लास्टर घेऊन जा ना." उमाजीला राग आला होता आणि तो त्याने लपवला नाही.

"तुमच्याच पोराईनं सांगतलं होतं, बाजूच्या गावापेक्षा उंच पायजे म्हणून. मातीचा एवढा उंच होते का?"

"पोराईनं उंच मांगला," उमाजी म्हणाला. "पान्यात इरघळू नये, असं कोणी नाई सांगतलं."

व्यापाऱ्याने मोबाईल कानाला लावला, रेंज नव्हती, परत खिशात टाकला. "करा बा लवकर," तो म्हणाला.

सुरेंद्र उतरला. शेजारून उमाजी डोंगा हाकत होता. दुमडलेल्या पॅंटचा काही उपयोग झाला नाही, पाणी कमरेच्या वर आलं. आपल्याला पोहता येत नाही हे सुरेंद्रने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

तडा गेलेल्या मूर्ती तो कारखान्यात बोलता बोलता फोडायचा. इथे घण उचलला आणि हात वरच राहिला. गणपती त्याच्याकडे पाहत होता. डोळ्यांना त्याने महागातला ऑइलपेंट वापरला होता. तेवढाच शाबूत होता.

उमाजीची बायको वच्छला पाळीवरून सगळं बघत होती. जाळ्याचा दोरा तिने दातांनी तोडला आणि ओरडून विचारलं, "डोळे कोणं उघडले त्याचे?"

"मीच, वच्छलाबाई. डोळे सगळ्यात शेवटी काढतो ना."

"मंग मिटव बी तूच. देव पाहून राह्यला अन् तू घाव घालतं का?"

सुरेंद्रजवळ ब्रश नव्हता, रंग नव्हता. त्याने वाकून तळाची मूठभर माती काढली. काळी, चिकट. अशा मातीसाठी त्याचा बाप बंडी जुंपून गावोगावच्या तलावांवर जायचा. एका डोळ्यावर त्याने ती थापली, मग दुसऱ्यावर. अंगठ्याने पापण्या सारख्या केल्या. एवढ्या घाईतही त्याचा हात तिथे हळू झाला.

मग त्याने घण घातला. आतून काथ्या निघाला, गंजलेल्या सळया निघाल्या. पाळीवर बायकांनी हात जोडले आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. उमाजी एकेक तुकडा उचलून डोंग्यात ठेवत होता.

"हे सारं माझ्या टेम्पोत टाका, भाऊ," सुरेंद्र म्हणाला. त्याला एकदम मोकळं वाटत होतं. "माझं मी नेतो."

तो पाळीकडे वळला आणि ठेचकाळला. पायाने त्याने चाचपून पाहिलं. काहीतरी कठीण होतं, गोल.

"इथी दगड हाये का?"

"नाई," उमाजी म्हणाला. "तो मागच्या वर्षीचा, तुझाच. आडवा पडला. त्याच्या पलीकडं परारचा हाये, तो बी तुझाच. त्यायच्या सळया बी गाळाच्या वरच हायेत."

सुरेंद्रने पाळीकडे पाहिलं. मेटाडोरखाली पाण्याची धार लागली होती. शिवलेलं जाळं खांद्यांवर घेऊन माणसं काठाशी येऊन उभी होती.

त्याने घण डोंग्यात ठेवला. तळाची मूठभर माती घेतली, हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत वाकला आणि दुसऱ्या हाताने पाण्याखाली देवाचे डोळे शोधू लागला.