फियाटचं नवं छत

"अहो, मागच्या बाजूला अजून झोळ आहे," सुलभाताई बाहेरून म्हणाल्या. कमलाकररावांनी जुन्या फियाटच्या छताला आतून लावायचं नवं कापड ताणलं आणि कडेला चिमटा लावला.

आधीचं कापड कित्येक वर्षं लोंबत होतं. कमलाकरराव गाडी चालवायचे आणि शेजारी बसलेल्या सुलभाताई ते एका हातानं नवऱ्याच्या डोक्यावर उचलून धरायच्या. हात भरून येतो, बदला एकदाचं, असा त्यांचा लकडा असायचा. कमलाकरराव मात्र टाळत राहिले.

गोंद वाळल्यावर दोघं फेरी मारायला निघाले. पहिल्याच वळणावर सुलभाताईंचा हात सवयीनं वर गेला. धरायला काही नव्हतंच.

"सुटले बाई," म्हणत त्यांनी तो हात कमलाकररावांच्या खांद्यावर ठेवला.

घराची गल्ली आली, तरी कमलाकररावांनी गाडी वळवली नाही.