पुतळ्याची ड्यूटी

आखातातल्या अल ऐन शहरात एका प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बफेकी विमान मांडलं, तेव्हा सहा सैनिकांचे पुतळे आत नीट बसले. सातवा मात्र शेपटातल्या मशीनगनमागे काही केल्या मावेना. मग सुपरवायझरने कामावरच्या सगळ्यांत किरकोळ अंगाच्या माणसाला, नागेशला, लोकरी कोट न् हातमोजे चढवून तिथे कोंबलं.

"हिलना मत. हिला तो खलास, कल से वापस धूप में."

नागेशला त्याचं काही वाटलं नाही. इथे मजुरी करताना अकरा वर्षांत त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आता लोक रांग लावून बघत होते, एवढाच फरक. दुपारपर्यंत त्याचे पाय बधिर झाले.

तेवढ्यात व्हीलचेअरवरून एक गोरी म्हातारी आली. या जागेवर बसणारा गनर तिचा बाप. ती चार वर्षांची असताना विमानात चढला तो घरी आलाच नाही, असं गाइड लोकांना सांगत होता. म्हातारी काचेला तळहात लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"डॅडी, वर फार थंडी वाजते का?"

एवढं इंग्रजी नागेशला कळायचं. कोटाच्या आत तो घामाने निथळत होता, आणि सुपरवायझर चार पावलांवर उभा होता. तरीही त्याने हळूच 'नाही' अशी मान हलवली.

म्हातारी दचकली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "आईला सांगते."