तारा लावायच्या आधी

झोपेच्या तपासणीच्या खोलीत भरदुपारी पडदे ओढून निळसर अंधार केला होता. पलंगावरच्या मास्तरांचा तीन आठवडे धड डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण कालच कॉम्प्युटरची सिस्टीम अपग्रेड झाली होती आणि झोपेची नोंद घेणारं सॉफ्टवेअर काही केल्या इन्स्टॉल होईना.

"पाचच मिनिटं हं, काका," टेक्निशियन म्हणाली.

"होऊ दे गं सावकाश. मला कुठे जायचंय?"

तिने अर्धवट बसलेलं पॅकेज काढून टाकलं, त्याला लागणारी जुनी फाइल शोधली, पुन्हा सुरुवात केली. स्वतःशीच पुटपुटत ती कीबोर्डवर टकटक करत राहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी एकदाचं सॉफ्टवेअर सुरू झालं. तिने हात थांबवून मागे पाहिलं, तर मास्तर गाढ झोपले होते. खोली शांत झाली तसे ते जरा चाळवले.

दारातून डॉक्टर डोकावले. "झालं सुरू? मग डोक्याला तारा लावून घे त्यांच्या."

"अजून थोडं बाकी आहे, सर," ती कुजबुजली, आणि काहीच लिहायचं नसताना पुन्हा हळूहळू टाइप करू लागली.