सपाट शेवट

टेकडीच्या उतारावर रस्त्याला पडलेली भेग जेमतेम बोटभर रुंद होती. तो उकिडवा बसला, खिशातली किल्ली तिच्यात घालून पाहिली आणि सोबतच्या अभियंत्याला म्हणाला, "इथून शर्यत नेता येणार नाही."

अभियंता चक्रावला. एरवी अशी भेग दिसली की हाच माणूस डांबर ओतून होईपर्यंत तिथून हलत नसे. दोन पाट्या खडीचं तर काम, संध्याकाळच्या आत बुजवतो, असं त्याने सांगून पाहिलं. पण उतारावर सायकली सुसाट येतात, एकीचं चाक अडकलं तर मागच्या सगळ्या कोसळतील, पर्यायी रस्त्याने नेऊ, यावर हा ठाम राहिला. मार्गाच्या बाबतीत शब्द त्याचाच चालायचा.

बायकांच्या या सायकल शर्यतीचा मार्ग तो कित्येक वर्षं आखत होता. आधीचे सगळे टप्पे सपाट मुलखातले. शेवटचा टप्पा त्याच्याच शहरात संपायचा, आणि शेवट जवळ आला की तो दरवर्षी ही टेकडी मध्ये घालायचा. कारण शर्यतीत त्याची मुलगी असायची.

तिला सगळे भिंगरी म्हणत. ती स्प्रिंटर. दिवसभर इतरांच्या आडोशाने यायचं आणि अंतिम रेषा दिसू लागली की सगळा जोर काढून सुटायचं, हा तिचा धंदा. तो जोर तिच्या भरदार मांड्यांत होता. पोरीची पँट शिवायला तंबूवाल्याला बोलवावं लागेल, अशी आई चेष्टा करायची. पण असं अंग चढावर वैरी होतं. टेकडी आली की काटकुळ्या मुली पुढे निघून जायच्या आणि भिंगरी मागे राहायची. बाहेर तिने ढीगभर टप्पे जिंकले, घरच्या शहरात एकही नाही.

बापाने रस्ता आखायचा आणि लेकीने जिंकायचं, म्हणजे लोक काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती. लोकांच्या जिभेला काही हाड नसतं. म्हणून टेकडी, आणि म्हणूनच घरात दंडक, की मार्गाबद्दल किंवा सरावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जेवताना बापलेक हवापाण्यावर बोलत. आपल्या घरात सायकल सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर चर्चा होते, असं आई म्हणायची.

या वर्षी भिंगरीने निवृत्ती जाहीर केली. घरचा टप्पा हीच तिची शेवटची शर्यत. मार्ग आधीच जाहीर झाला होता, टेकडीसकट.

त्यानंतर काही महिन्यांनी ती घरी आली तेव्हा तो दचकलाच. गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. आईने आग्रहाने वाढलेलं ताटात तसंच राहिलं. सपाट रस्त्यावरच्या शर्यतींत काल आलेल्या पोरी तिला मागे टाकत होत्या. वय कोणाला चुकलंय, असं सगळे म्हणत. त्यालाही तेच वाटलं. आपल्या नावाला डाग नको म्हणून आपण वर्षानुवर्षं लेकीच्या तोंडचा घास काढून घेतला, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तिच्या पायांत थोडा जीव आहे तोवर एकदा तरी तिला सरळ रस्ता द्यायचा होता.

अशात ती भेग त्याला देवासारखी भेटली.

बदल जाहीर झाला त्या दुपारी तिचा फोन आला. दंडक पहिल्यांदाच मोडला, आणि तोही तिने.

"बाबा, रस्ता खरंच इतका खराब आहे?"

"हो. इलाजच नव्हता." हसू त्याने ओठांतच दाबलं.

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. आनंदाने तिला बोलणं सुचलं नसेल, असं त्याला वाटलं.

शर्यत सुरू झाली. आधीच्या टप्प्यांत तिचं नाव कुठेच दिसलं नाही. शेवटासाठी राखून ठेवलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. शेवटच्या दिवशी तो रेषेपाशी जाऊन उभा राहिला. समोर नदीकाठचा रुंद रस्ता, एक वळण नाही, एक खड्डा नाही. त्याने आयुष्यात इतका सोपा शेवट कधी आखला नव्हता.

भिंगरीचं काही चुकलं नाही. सोबतिणींच्या मागून ती अगदी नेमक्या जागी सुटली. पायांत मात्र जोरच नव्हता. एक पुढे गेली, दुसरी गेली, मग अख्खा घोळकाच गेला.

ती संघाच्या बसच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसली होती. तो शेजारी टेकला. उशीर केला आपण, फार उशीर केला, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. सगळं सांगून टाकावं असं ठरवून त्याने सुरुवात केली.

"माझ्यामुळे तुझं घरी जिंकायचं राहिलं गं."

तिने त्याचा हात हातात घेतला.

"तुमचा काय दोष, बाबा? रस्ता खचला त्याला तुम्ही काय करणार?" ती म्हणाली. "दंडक होता म्हणून बोलले नाही. स्प्रिंट मी वर्षाच्या सुरुवातीलाच सोडली. त्या एका टेकडीसाठी अख्खं अंग उतरवलं, मांड्यासुद्धा. संघातल्या एकीलाही मी चढावर सापडत नव्हते. म्हटलं, तुमच्या टेकडीवरूनच जिंकावं, म्हणजे तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही."