शेवाळ जागं करणारा

शेवाळ काही उघडेना.

जादूगारानं बाटलीचा खटका आणखी दोनदा दाबला. फवारा नेमका वाळूवरच्या शेवाळाच्या त्या मातकट गादीवर पडला, पाणी आत मुरलं, आणि गादी होती तशीच बसून राहिली. सहलीची माणसं लाकडी पायवाटेवरून वाकून बघत होती. एरवी हा खेळ म्हणजे हुकमी टाळी. वाळून पीळ पडलेल्या त्या शेवाळावर पाणी मारलं, की बघता बघता एकेक काडी पीळ सोडायची आणि हिरवीगार चांदणी होऊन उघडायची. म्हणून तर किनाऱ्यावरच्या या राखीव टेकड्यांवर सगळे ह्या गाइडला जादूगार म्हणत, आणि तोही ते नाव कॉलर ताठ करून मिरवत असे.

"आज झोप जरा गाढ लागलेली दिसतेय," तो म्हणाला. लोक हसले. त्यानं पुन्हा फवारलं.

"संपावर गेलंय वाटतं," एक आजोबा म्हणाले. पुन्हा थोडं हसू झालं. मग कुणीतरी समुद्र अजून किती लांब आहे असं विचारलं. जादूगाराचा पुरता पचका झाला होता. पुढे उतारावर पांढरी दगडफुलं आहेत, टिचकी मारली की धूर सोडणारी गोल भूछत्रं आहेत, ती बघा, पण फळ्यांवरून खाली उतरू नका, असं सांगून त्यानं मंडळींना पुढे काढलं आणि स्वतः मागे राहिला.

तेवढ्यात घरून फोन आला.

"मावशी येऊन गेल्या," बायको सांगत होती. "आईंना हलवून उठवलं, उशांना टेकवून बसवलं. ओळखलं हो त्यांनी! हसल्या, दोन शब्द बोलल्यासुद्धा."

"बघ! म्हणजे शुक्रवारपर्यंत काळजी नाही."

त्याला खरंच हायसं वाटलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. धाकटा भाऊ परदेशातून शुक्रवारी पोचणार होता, आणि तोवर आईनं तग धरावा, एवढंच मागणं आता उरलं होतं. नातेवाईकांची मात्र रीघ लागली होती. येणारा प्रत्येक जण आई उठून हसली की डोळे पुसत, समाधानानं परत जायचा.

फळ्या वाजल्या. भिंगबाई आल्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग घेऊन त्या वर्षानुवर्षं या टेकड्यांवरचं शेवाळ आणि दगडफूल मोजत होत्या. याला जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. त्या पायवाटेवर पालथ्या पडल्या, हात लांब करून एक काडी उचलली आणि भिंगाखाली धरली.

"गेलंय हे."

"असं कसं जाईल बाई? कितीही वाळलं तरी मरत नाही, तुम्हीच सांगितलंत."

"वाळून नाही मेलेलं." त्यांनी भिंग सोडून दिलं. "रोज किती वेळा उठवत होतास?"

"येईल त्या सहलीला दाखवायचो. प्रत्येकाला बघायचं असतं ना. आणि पायवाटेवरून हात पोचेल अशी गादी ही एवढीच."

"अरे, उठायला त्याला ताकद लागते. अंगात साठवलेली. पाऊस लागला की ते चांगलं दिवस दिवस ओलं राहतं, तेव्हा कुठे झीज भरून निघते. तू उठवायचास, लोक टाळ्या वाजवून पुढे जायचे, आणि पाच मिनिटांत ऊन त्याला परत सुकवायचं. भरून काढायला वेळच नाही. उठता उठताच संपलं ते."

"पण दर वेळी हिरवं व्हायचं हो," तो म्हणाला. "काल संध्याकाळीसुद्धा झालं."

"होणारच. पाणी पावसाचं की तुझ्या बाटलीचं, ते त्याला काय ठाऊक? अंगात आहे तोवर ते उठणारच."

त्यांनी काडी हलक्या हातानं परत जागेवर ठेवली. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या कपड्यांवरची वाळू झटकून निघून गेल्या.

जादूगार त्या मातकट गादीकडे बघत उभा राहिला. मग बाटली काखेत धरून त्यानं घाईघाईनं घरी फोन लावला.

"ऐक, आईला उठवू नका आता. कुणीही आलं तरी."

"अहो, मामा-मामी आत्ताच आलेत. एवढ्या लांबून आलेली माणसं, नुसतं निजलेलं बघून जातील का?"

"जाऊ देत! झोपू दे तिला. फोन मामांना दे."

पण तिकडे गलका सुरू झाला होता. त्यातून मामांचा मोठा आवाज आला. "अक्का! ए अक्का! बघ तरी कोण आलंय! उघड डोळे!"

"मामा!" तो इकडून ओरडला. उतारावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. काखेतल्या बाटलीचा खटका दाबला जाऊन त्याचा शर्ट ओला होत होता.

तिकडून आणखी एक हाक ऐकू आली. मग एकदम हसण्याबोलण्याचा आवाज आला, आणि बायको पुन्हा फोनवर आली.

"उघडले हो डोळे! सगळ्यांकडे बघून हसल्या! तुम्ही उगीच घाबरता. अजूनही हाक मारली की उठतात."